मोजून पाहणारी बाई

नोबेल पारितोषिकांच्या बातम्या दर ऑक्टोबरात येतात. साहित्याचं कुणाला मिळालं, शांततेचं कुणाला मिळालं हे आपण वाचतो. पदार्थविज्ञानाचा मथळा मात्र नुसता नजरेखालून घालतो आणि पान उलटतो. २०२२ साली हे पारितोषिक तिघांना मिळालं. फ्रान्सचे अलँ आस्पे, अमेरिकेचे जॉन क्लॉसर आणि ऑस्ट्रियाचे अँटन झायलिंगर. एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या जोड्या तयार करून त्यांनी क्वांटम मेकॅनिक्सची, म्हणजे पुंजयामिकीची, कसून परीक्षा घेतली होती. तिघंही मोठे आणि त्यांचा सन्मान रास्तच. पण मैत्रिणींनो, अशा जोडीच्या कणांची पहिली नेमकी मोजणी ज्या माणसाच्या हातून झाली ती एक बाई होती. १९४९ साली, घरात दोन वर्षांचं मूल असताना तिनं हा प्रयोग केला. तिचं नाव चिएन-शिऊंग वू.

मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींना शास्त्रज्ञ बायकांची माहिती सांगायची म्हणून मी वाचायला लागले. मादाम क्युरींच्या पुढे आमची यादी सरकेना. तेव्हा डॉ. वू सापडल्या आणि वाचता वाचता मी त्यांच्यात इतकी रमले की आज तुम्हालाही त्यांच्याबद्दल सांगावंसं वाटतंय.

चीनमध्ये शांघायजवळ लिऊहं नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे ३१ मे १९१२ रोजी चिएन-शिऊंगचा जन्म झाला. चीनची बादशाही नुकतीच संपली होती. मुलींची पावलं लहानपणीच घट्ट बांधून ठेवायची प्रथा अजून पुरती गेली नव्हती, आणि मुलीला शाळेत घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं असं मानणारे लोक घरोघरी होते. अशा काळात तिच्या वडिलांनी, वू चोंगयी यांनी, गावात मुलींसाठी शाळा काढली. शाळेचं नाव मिंगदं. आईही शिक्षिका होती. आपली लेक याच शाळेत शिकली.

तिच्या नावाचीही गंमत आहे. पराक्रमी, थोर माणसं अशा अर्थाचा एक चिनी शब्दसमूह आहे. त्यातलं एकेक अक्षर घेऊन मुलांची नावं ठेवायची असं घरात ठरलं होतं. मोठ्या भावाला पहिलं अक्षर मिळालं. दुसरी झाली मुलगी. पण मुलगी झाली म्हणून वडिलांनी यादी बदलली नाही. दुसरं अक्षर तिलाच दिलं, आणि तिसरं तिच्या पाठच्या भावाला. म्हणजे नाव ठेवतानाच तिला शूरवीर म्हणून टाकलं. नावानं काय होतं असं आपण म्हणतो खरं, पण बाप आपल्याला भावांच्या रांगेतच उभं करतो हे मुलीला किती लवकर कळतं!

गावातली शाळा लहान. अकराव्या वर्षी ती सूझौ शहरात मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत गेली. तिथे शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम होता, त्याला फी नव्हती. आपल्याकडच्या डी.एड.सारखाच म्हणा ना. तो घेतला खरा, पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की शेजारच्या वर्गातल्या मुलींना इंग्रजी, गणित आणि विज्ञान आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवतात. मग तिनं काय केलं, तर त्या मुलींचा अभ्यास संपला की त्यांची पुस्तकं मागून आणायची आणि रात्री जागून स्वतःच शिकायचं. १९२९ साली ती शाळेतून पहिली आली.

पुढे नानजिंगच्या विद्यापीठात तिनं आधी गणित घेतलं आणि मग भौतिकशास्त्र. विज्ञान आपल्याला झेपेल का, याची तिला धास्ती होती. वडिलांनी उपदेश कमी केला आणि सुट्टीत वाचायला पुस्तकं आणून दिली. त्याच काळात जपाननं चीनचा लचका तोडायला सुरुवात केली होती आणि विद्यार्थी चिडले होते. सरकारनं ठाम भूमिका घ्यावी म्हणून त्यांनी अध्यक्षांच्या निवासस्थानी धरणं धरलं, आणि त्यांच्या पुढाऱ्यांत ही मुलगी होती. अभ्यासात पहिली असल्यानं तिला कॉलेजातून काढता येणार नाही, असा सोबत्यांचा हिशेब होता म्हणे!

पदवीनंतर शांघायच्या संशोधन संस्थेत तिला एक बाई भेटल्या. गू जिंग-वेई त्यांचं नाव. त्या अमेरिकेत मिशिगनला जाऊन डॉक्टरेट करून आल्या होत्या. त्यांनी तिच्या डोक्यात घातलं की तूही जा. एक बाई पुढे गेलेली डोळ्यांसमोर असली की दुसरीचा रस्ता निम्म्यानं कमी होतो, हे मी मंडळाच्या कामात पुष्कळदा पाहिलंय. मिशिगनला प्रवेश मिळाला, काकांनी पैसे दिले आणि ऑगस्ट १९३६ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती शांघायहून बोटीत चढली. आईवडील धक्क्यावर निरोप द्यायला आले होते. तिच्या मनात होतं, डॉक्टरेट करायची आणि परत यायचं. पण आईवडिलांची आणि तिची पुन्हा भेट कधीच व्हायची नव्हती.

बोट लागली सॅन फ्रान्सिस्कोला. मिशिगनला जाण्याआधी ती जवळच्या बर्कलीचं विद्यापीठ पाहायला गेली. तिथे प्रयोगशाळा दाखवायला आलेला विद्यार्थीही चिनीच होता. त्याचं नाव ल्यूक युआन. चीनचे पहिले अध्यक्ष झालेल्या युआन शिकाई यांचा हा नातू. बर्कलीत त्या वेळी अणूच्या गाभ्यावरचं जगातलं अव्वल काम चालू होतं. त्यातच तिच्या कानावर आलं की मिशिगनला विद्यार्थ्यांच्या नव्या सभागृहात मुलींना पुढच्या दारानं जाता येत नाही, बाजूच्या दारानं जावं लागतं. ज्या मुलीच्या बापानं तिच्यासाठी शाळेचं दार उघडलं, तिला हे कसं पटावं? ती बर्कलीतच राहिली. १९४० साली तिथेच डॉक्टरेट मिळवली. आणि १९४२ मध्ये दारं दाखवणाऱ्या त्या ल्यूकशीच लग्न केलं! युद्धामुळे दोन्हीकडचे आईवडील लग्नाला येऊ शकले नाहीत.

डॉक्टरेट झाली, हुशारीचा बोलबालाही झाला, पण नोकरी? त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागात बायकांना घेत नसत. त्यांनी आधी मुलींच्या एका कॉलेजात शिकवलं. तिथे संशोधनाची सोय नव्हती. मग प्रिन्स्टनला बोलावणं आलं. प्रिन्स्टनमध्ये तेव्हा विद्यार्थी म्हणून मुलींना प्रवेशच नव्हता, तो १९६९ साली सुरू झाला. आणि तिथे ही चिनी बाई नौदलाच्या अधिकाऱ्यांना भौतिकशास्त्र शिकवत होती. १९४४ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्या, त्या अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पासाठी. हॅनफर्डची अणुभट्टी सुरू होऊन बंद पडू लागली, तेव्हा झेनॉन नावाच्या वायूमुळे हे होतंय याचा पुरावा वूंच्या बर्कलीतल्या कामातून मिळाला. त्या बाँबनं पुढे काय केलं ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या चरित्रातलं हे पान झाकून पुढे जाता येत नाही.

युद्ध संपलं. त्या कोलंबियातच राहिल्या. १९४७ साली मुलगा झाला, त्याचं नाव व्हिन्सेंट. आता येते ती जोडीच्या कणांची गोष्ट. इथे पान उलटू नका हं. मी अभ्यासिकेतल्या बी.एस्सी.च्या मुलीकडून दोनदा समजावून घेतलंय, तसंच तुम्हाला सांगते.

आपल्या शरीरात, भांड्यात, मातीत, सगळीकडे इलेक्ट्रॉन नावाचे कण असतात. त्याचा एक उलटा भाऊ आहे, पॉझिट्रॉन. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन कण जन्मतात. जुळी भावंडंच म्हणा. जन्मल्याबरोबर एक पूर्वेला तर दुसरं पश्चिमेला, अशी ती विरुद्ध दिशांना पळत सुटतात.

आता प्रकाशाच्या कणाला एक कंपाची दिशा असते. एक दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवा आणि वरखाली हलवा. लाट गजांमधून पलीकडे जाते. आडवी हलवा, गजाला अडते. प्रकाशाचंही साधारण तसंच. तर क्वांटम मेकॅनिक्सचं गणित असं सांगतं की या जुळ्यांचे कंप कायम एकमेकांशी काटकोनात असतात. एकाचा उभा तर दुसऱ्याचा आडवा. पण चमत्कारिक भाग पुढेच आहे. मोजण्याआधी दोघांपैकी कुणाचाही कंप उभा की आडवा हे ठरलेलंच नसतं! एकाला मोजलं की दोघांचं ठरतं, मग दुसरा कितीही लांब असो. यालाच गुंतलेले कण म्हणतात.

आइन्स्टाइनना हे अजिबात मान्य नव्हतं. १९३५ साली त्यांनी पोडोल्स्की आणि रोझेन या सहकाऱ्यांबरोबर एक लेख लिहून हरकत घेतली. त्यांचं म्हणणं आपल्यालाही पटेल असंच होतं. समजा चपलांच्या एका जोडातली एक चप्पल एका खोक्यात आणि दुसरी दुसऱ्या खोक्यात घालून दोन गावांना पाठवली. एका गावात खोकं उघडलं, डावी चप्पल निघाली. दुसऱ्या गावातली उजवी असणार हे तिथल्या तिथे कळलं. यात जादू कसली? भरतानाच ठरलेलं होतं की! तसंच या कणांचं निघतानाच ठरलेलं असणार, गणिताला ते दिसत नाही इतकंच. नील्स बोर आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, नाही, खोकं उघडेपर्यंत चप्पल डावीही नसते आणि उजवीही नसते. दोन्हीकडे दिग्गज. वाद चालू राहिला तो शब्दांचा. कारण प्रयोगानं निकाल कसा लावायचा हेच कुणाला सुचत नव्हतं.

त्या काळात जुळ्या गॅमा किरणांचे कंप खरंच काटकोनात असतात का, हे तपासता येईल अशी एक कल्पना जॉन व्हीलर यांनी १९४६ मध्ये मांडली. त्यांना आइन्स्टाइनच्या वादाशी काही करायचं नव्हतं, फक्त गणित बरोबर आहे का ते पाहायचं होतं. एकदोन ठिकाणी प्रयोग झालेही, पण आकडे समाधानकारक येत नव्हते. डॉ. वू यांनी हे काम हाती घेतलं ते आयर्व्हिंग शॅकनॉव्ह या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन.

अडचण अशी की गॅमा किरण फार जोरकस. कुठल्याही काचेनं किंवा जाळीनं त्यांचे कंप निवडता येत नाहीत. मग वूबाईंनी ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचा उपयोग केला. गॅमा कण ॲल्युमिनियमवर आपटला की वळतो, आणि तो आपल्या कंपाशी काटकोन करणाऱ्या दिशेला जास्त वेळा वळतो. म्हणजे कुठे वळला ते मोजायचं आणि त्यावरून कंप ओळखायचा. पॉझिट्रॉन हवे होते म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉन यंत्रात तांबं किरणोत्सारी करून घेतलं. ते शिशाच्या जाड ठोकळ्यात ठेवलं. दोन्ही बाजूंना बारीक भोक, दोन्हीकडे ॲल्युमिनियम आणि दोन्हीकडे किरण टिपणारं यंत्र. दोन्ही यंत्रं एकाच क्षणी वाजली तरच एक जोडी धरायची. मग एक यंत्र फिरवायचं आणि पुन्हा मोजायचं. तासन् तास नुसती मोजणी.

दोन यंत्रं एकमेकांशी काटकोनात असताना किती जोड्या आणि एकाच रेषेत असताना किती, हे गुणोत्तर काढायचं होतं. त्यांच्या मांडणीसाठी गणितानं सांगितलेला आकडा होता २.००. त्यांना मिळाला २.०४, आणि चुकीची शक्यता धरली तरी ०.०८ इकडे किंवा तिकडे. १ जानेवारी १९५० च्या फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला. त्यात ना मोठे दावे होते, ना आइन्स्टाइनचं नाव घेऊन गाजावाजा. शॅकनॉव्ह पुढे कोरियाच्या युद्धात गेला, तो परत आलाच नाही.

या छोट्या लेखाचं महत्त्व सात वर्षांनी उघड झालं. १९५७ मध्ये डेव्हिड बोम आणि याकिर आहारोनोव्ह यांनी दाखवून दिलं की कण एकमेकांपासून दूर गेल्यावर त्यांचा जोड आपोआप तुटतो असं मानलं तर वूंचा आकडा इतका मोठा आलाच नसता. म्हणजे प्रयोगशाळेत गुंतलेल्या कणांचा पहिला भक्कम पुरावा या बाईंच्या वहीत होता!

त्याच वर्षी जगभर त्यांचं नाव झालं, पण ते दुसऱ्या कामासाठी. तेही थोडक्यात सांगायलाच हवं. निसर्ग डावं-उजवं करत नाही, आरशातल्या जगातही तेच नियम चालतात, अशी शास्त्रज्ञांची पक्की श्रद्धा होती. १९५६ साली त्सुंग-दाओ ली आणि चेन निंग यांग या दोन चिनी तरुणांनी शंका काढली की अणूच्या एका प्रकारच्या घडामोडीत ही गोष्ट कुणी तपासलेलीच नाही. पुष्कळांना हे वेळ घालवणं वाटलं. वूबाईंना मात्र वाटलं, तपासलं नाही ना, मग तपासू या.

त्या उन्हाळ्यात नवराबायकोनं युरोप आणि मग पूर्वेकडच्या दौऱ्याची बोटीची तिकिटं काढली होती. घर सोडून वीस वर्षं झाली होती. पण दुसरं कुणी हा प्रयोग आधी करील, म्हणून त्यांनी जाणं रद्द केलं आणि ल्यूक एकटे गेले. मी त्यांच्या जागी असते तर तिकिटं परत केली असती का, खरंच सांगता येत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत त्यांनी किरणोत्सारी कोबाल्ट जवळजवळ शून्य अंश केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ, गार केलं. न्यूयॉर्कला शिकवायचं आणि वॉशिंग्टनला प्रयोग करायचा, अशा फेऱ्या महिनोन् महिने चालल्या. जानेवारी १९५७ मध्ये निकाल जाहीर झाला. निसर्ग डावं-उजवं करतो! जुनी श्रद्धा कोसळली. त्याच वर्षीचं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं. ज्यांनी शंका सिद्ध करून दाखवली त्या वूंना मिळालं नाही. पुढेही त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण व्यर्थ.

पुन्हा जोडीच्या कणांकडे येऊ. १९६४ साली जॉन बेल या आयरिश शास्त्रज्ञानं आइन्स्टाइनच्या त्या वादाचा निकाल लावायची युक्ती शोधली. ती मला अभ्यासिकेतल्या मुलीनं अशी सांगितली. दोन जुळ्या बहिणी दोन वेगळ्या खोल्यांत बसवल्या. तीन प्रश्न आहेत, उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रत्येकीला त्यातला कुठलाही एक विचारायचा. दोघींना तोच प्रश्न आला तर उत्तर नेहमी सारखंच येतं. साहजिकच आपण म्हणणार, आईनं घरून पढवून पाठवलंय. पण प्रश्न तीन आणि उत्तरं दोनच! म्हणजे तीनपैकी निदान दोन प्रश्नांना एकच उत्तर पढवावं लागणार. तेव्हा दोघींना वेगवेगळे प्रश्न विचारले तरी तीनात निदान एकदा उत्तरं जुळलीच पाहिजेत. क्वांटम मेकॅनिक्स सांगतं की कणांच्या बाबतीत योग्य कोन निवडले तर ती चारात एकदाच जुळतील. आता भांडायचं कशाला? मोजा! तीनात एक की चारात एक? पढवून पाठवलेले कण चारात एक असा हिशेब कधीच देऊ शकत नाहीत.

किती सुंदर आहे ना हे? तीस वर्षांचा तत्त्वज्ञानाचा वाद एका हिशेबावर आला. मोजायला तर वूबाई तयारच होत्या. कॅस्डे आणि उलमन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आपला जुना गॅमा किरणांचा प्रयोग नव्यानं, जास्त काटेकोरपणे मांडला. १९७५ साली तो सविस्तर छापून आला. आकडे पुन्हा क्वांटम मेकॅनिक्सच्या बाजूनं. मात्र ॲल्युमिनियमवरून कंप ओळखणं म्हणजे अंदाजानं ओळखणं, त्यामुळे बेलच्या कसोटीला लावताना काही गोष्टी गृहीत धराव्या लागत होत्या. दरम्यान, कोलंबियातच शिकलेल्या जॉन क्लॉसरनी स्टुअर्ट फ्रीडमनबरोबर १९७२ मध्ये साध्या प्रकाशाच्या जोड्या वापरून बेलची कसोटी घेतली. साध्या प्रकाशाला कंप निवडणारी गाळणी मिळते. हा प्रयोग झाला बर्कलीला, म्हणजे वूंनी जिथे डॉक्टरेट केली तिथेच. मग १९८२ मध्ये आस्पे आणि पुढे झायलिंगर यांनी एकेक पळवाट बंद केली. निकाल तोच राहिला. खोकं भरताना चप्पल ठरलेली नसते. आइन्स्टाइनसारख्या माणसाचंही इथे चुकलं होतं.

आज या गुंतलेल्या कणांवर कुणाला चोरून वाचता येणार नाहीत असे संदेश पाठवायचं तंत्र उभं राहिलंय आणि क्वांटम संगणकावर देशोदेशी काम चाललंय. त्याच्या मुळाशी शिशाच्या ठोकळ्यातलं ते तांबं आहे.

डॉ. वू यांना मान मिळाला नाही असं नाही. १९५८ साली त्या कोलंबियात पूर्ण प्राध्यापक झाल्या. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्या १९७५ मध्ये झाल्या. १९७८ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं वुल्फ पारितोषिक त्यांना मिळालं. पण एक बारीकशी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांइतका पगार त्यांना मिळायला लागला तो १९७५ साली. वय वर्षं त्रेसष्ट! बाईच्या कामाचा हिशेब इतक्या उशिरा होतो, मग ती जगातली सगळ्यात काटेकोर मोजणारी का असेना. विज्ञानात मुली कमी का, यावर त्या सभांमधून स्पष्ट बोलायच्या. घर त्यांनी प्रयोगशाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर ठेवलं होतं. पोशाख मात्र आयुष्यभर चिनी, उंच गळ्याचा. मुलगा व्हिन्सेंटही पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला.

आणि माहेर? १९४९ साली चीनमध्ये साम्यवादी सरकार आलं. इकडे येऊ नकोस, असं वडिलांनीच कळवलं. १९५४ मध्ये त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. १९५८ ला मोठा भाऊ गेला, १९५९ ला वडील आणि १९६२ ला आई. एकाही अंत्ययात्रेला त्यांना जाता आलं नाही. १९७३ साली, सदतीस वर्षांनी, त्या चीनला जाऊ शकल्या. तोवर सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाकुळात धाकटा भाऊ आणि ज्यांनी बोटीचे पैसे दिले ते काकाही बळी पडले होते. आईवडिलांच्या कबरीसुद्धा उद्ध्वस्त झाल्या होत्या. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांची भेट घेऊन त्याबद्दल माफी मागितली. सासरी सुखात असलेल्या लेकीलाही माहेरचा उंबरा दिसला नाही की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथे तर उंबराच राहिला नव्हता.

राहिली होती ती शाळा. वूबाईंनी नंतर मिंगदं शाळेकडे पुन्हा लक्ष दिलं, वडिलांच्या नावानं मदत उभी केली. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षाघातानं त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी लिऊहंला नेऊन मिंगदं शाळेच्या आवारात ठेवल्या आहेत. २०२१ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. २०२२ च्या नोबेलच्या वेळी त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुली यावर चिडल्या. त्यांचं चिडणं मला आवडलं. पण मी त्यांना एवढंच म्हटलं की वूबाईंचं आयुष्य नोबेलच्या काट्यावर तोलू नका. मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडत होती तेव्हा या बाईनं विचारलं, मोजून पाहिलंय का कुणी? आपल्या घरात, गावात, मुलींना हे जमत नाही आणि ते झेपत नाही अशी कितीतरी वाक्यं पिढ्यान् पिढ्या कुणीही न तपासता चालत आलीत. त्यातलं एखादं तरी या वर्षी मोजून पाहा. आणि मुलीनं काही विचारलं तर गप्प बस म्हणू नका. लिऊहं गावातल्या त्या बापासारखं एखादं पुस्तक आणून द्या.